खळ्यावर फिरत्या पट्ट्यांचं छप्पर घालावं का?

पत्र :

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जुनं कौलारू, तोंड पश्चिमेला. पुढे पडवी आणि पडवीपुढे वीस बाय तीस फुटांचं खळं, म्हणजे अंगण. दक्षिणेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, दोन माड आहेत. दरवर्षी पाऊस सरला की आम्ही खळं चोपून सारवतो, मांडव घालतो आणि मिरगाच्या आधी उतरवतो. गेल्या मे महिन्यात मांडवावरचे माडाच्या पात्यांचे झाप काढताना आमचे हे शिडीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे अंथरुणात होते. यंदा मांडव घातलाच नाही. येत्या मेमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या निमित्ताने पुण्याच्या मुलाला अख्ख्या खळ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या पट्ट्यांचं, रिमोटवर उघडणारं-मिटणारं छप्पर घालून द्यायचं आहे. तो म्हणतो, ऊन हवं तेव्हा उघड, पाऊस आला की आपोआप मिटेल. कोटेशनही आणलं आहे. हे काही बोलत नाहीत. मला मात्र प्रश्न पडलाय की कोकमाची सोलं कुठे वाळवू, तुळशीचं काय करू आणि खाऱ्या वाऱ्यात ते टिकेल का. नको म्हटलं तर मुलगा दुखावेल. काय करावं?

गुहागरकडची एक वाचक

उत्तर :

ताई, नमस्कार.

निकाल आधी सांगतो. अख्ख्या खळ्यावर हे छप्पर घालू नका. पडवीला लागून, उत्तरेच्या टोकाला, दहा बाय बारा फुटांचा एक तुकडा घाला, आणि तोही या मेच्या घाईत नको, एक पावसाळा नीट बघून झाल्यावर. उरलेलं खळं उघडं राहू द्या. मुलाला ‘नको’ म्हणायची वेळ येणार नाही असं मला वाटतं. त्याच्या डोळ्यांसमोर छप्पर कमी आणि ती शिडी जास्त आहे. वडील पुन्हा तिच्यावर चढता कामा नयेत हा त्याचा हट्ट रास्त आहे, आणि तो आपण पुरा करायचाच आहे.

मी तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात घरं बांधली आणि त्याहून जास्त दुरुस्त केली. फिरत्या पट्ट्यांची छपरं आता किनाऱ्यावरच्या होमस्टेंमध्ये, मुंबई-पुणेकरांच्या बंगल्यांत दिसायला लागली आहेत. वस्तू चांगली आहे. कल्पनाही आपल्याला परकी नाही. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिल्या असायच्या. मधली काठी खाली-वर केली की पट्ट्या फिरायच्या, वारा आत यायचा आणि ऊन बाहेर राहायचं. तीच झिलमिली आडवी करून डोक्यावर घातली की हे छप्पर झालं. पट्ट्या जेमतेम वीतभर रुंद, दोन्ही टोकांना खुंटांवर फिरणाऱ्या, सगळ्या एका दांड्याला जोडलेल्या, आणि तो दांडा सरकवायला बहुधा २४ व्होल्टची छोटी मोटर. मिटल्या की एकीची कड दुसरीत बसते. प्रत्येक पट्टीला पाण्यासाठी बारीक पन्हळ असते. ते पाणी चौकटीच्या तुळईतल्या मोठ्या पन्हळीत उतरतं आणि पोकळ खांबातून जमिनीला लागतं. छप्पर अर्धवट उघडं ठेवलं की खाली तापलेली हवा फटींतून वर निघून जाते, त्यामुळे पत्र्याखाली दुपारी जशी भट्टी होते तशी इथे होत नाही. हा त्याचा खरा गुण. मेच्या दमट दुपारी त्याचं मोल कळतं.

मग अख्ख्या खळ्यावर का नको? तुमच्या सोलांपासून सुरुवात करतो, कारण घरातल्या चर्चेत नेमका हाच मुद्दा किरकोळ म्हणून बाजूला पडतो. पट्ट्या उघडल्या म्हणजे आकाश मोकळं झालं असं मुलाला वाटतंय. पट्ट्या फक्त उभ्या राहतात, जात कुठेच नाहीत. पट्टी जेवढी रुंद, जवळपास तेवढंच दोन पट्ट्यांमधलं अंतर असतं, आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पट्ट्या दक्षिणोत्तर बसवल्या तर सूर्य डोक्यावर असताना खाली भरपूर ऊन पडेल. त्याच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर, म्हणजे तो ३० अंशांनी कललेला असताना, निम्म्याहून जास्त जमिनीवर पट्ट्यांचीच सावली असेल. तीन तासांनी ऊन जवळजवळ संपलं. दर तासाला रिमोट घेऊन सूर्यामागे पट्ट्या कलवत बसलात तर थोडं जास्त मिळेल, पण मेच्या कामाच्या दिवसांत ते कोण करणार?

पट्ट्या पूर्व-पश्चिम बसवल्या तर चित्र बदलतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत अशा पट्ट्यांमधून बरंच ऊन खाली उतरतं. पण मग तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचं ऊन त्या पट्ट्या अडवत नाहीत, पूर्ण मिटाव्याच लागतात. थोडक्यात, हे छप्पर सोलांसाठी की माणसांसाठी, हे पट्ट्यांची दिशा ठरवतानाच ठरवावं लागतं. माझ्या मते ते माणसांसाठी करावं. सोलं पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची, आंब्याच्या साठ्यावर, म्हणजे आंबापोळीवर, थरावर थर चढवायचे, कुळीथ झोडपून पसरायचे, याला सकाळी नवापासून चारपर्यंतचं सलग ऊन लागतं. रेंगाळलेल्या साठ्याला आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. तुम्हाला हे मी सांगायला नको, पण मुलाला सांगताना ही पट्ट्यांची बेरीज-वजाबाकी कागदावर काढून दाखवा. पटेल त्याला.

तुळशीचंही तसंच. तिला ऊन हवं आणि पावसाचं पाणीही हवं. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती मुलाच्याही लक्षात आली नसावी. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी तुमच्याकडे येत असणार. वीस बाय तीसचं छप्पर घालायचं तर पट्टी बहुतेक पद्धतींत चार-साडेचार मीटरच्या पुढे एका दमात जात नाही, मध्ये तुळई आणि तिच्याखाली खांब येतात. पालखी नाचवायच्या जागी खांब उभे राहिलेले गावाला आवडणार नाहीत आणि तुम्हालाही नाही. एखाद्या घराने खळं बंद केलं म्हणून पालखी रस्त्यावरूनच ओवाळून घ्यावी लागलेली मी पाहिली आहे. त्या घरातली म्हातारी दारात उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आता पाऊस. पुण्याच्या गच्चीवर जे छप्पर मुलाने पाहिलं असेल ते पुण्याच्या पावसात उभं आहे. तुमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं खळं सुमारे ५६ चौरस मीटर. आषाढातल्या एखाद्या सरीचा जोर तासाला १०० मिलिमीटर धरला तर तासाला ५,६०० लिटर पाणी त्या बारीक पन्हळींतून आणि खांबांच्या पोटातून जायचं आहे. नीट आखलेलं, पुरेशा खांबांतून पाणी काढणारं छप्पर तेवढं झेलेल असं समजू. पण तुमच्या कौलांचं काय? घराचं पुढचं पाखं, म्हणजे छपराचा पुढचा उतार, तीस बाय अठरा फुटांचं धरलं तर त्याच्या पागोळ्यांचं तासाला आणखी ५,००० लिटर पाणी थेट या पट्ट्यांवर कोसळणार. म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे पाणी कोटेशनमध्ये धरलेलं नसतं, कारण माप घ्यायला येणारा माणूस फक्त खळ्याचं माप घेतो. तुम्ही छोटा तुकडा घातलात तरी त्याच्यावरच्या वळचणीला आधी पन्हळ लावून ते पाणी बाजूला काढावंच लागेल. हे काम छपराच्या आधी, नंतर नाही.

शिवाय हे छप्पर जवळपास सपाट असतं. आपल्या वाडवडिलांनी कौलं इतक्या उतारावर घातली त्याला कारण होतं. माडाचा कचरा, आंब्याचा मोहोर, गडग्यावरच्या झाडांचा पाला त्या पन्हळींत बसतो आणि पहिल्या मोठ्या सरीला पाणी पट्ट्यांवरून आत सांडतं. पन्हळ साफ करायची म्हणजे काय? शिडी. सहाशे चौरस फुटांच्या छपरामुळे तुमचे यजमान शिडीवरून उतरतील असं मुलाला वाटतंय. खरं तर ते दर पावसाळ्यात चार वेळा चढतील.

आणि आपला पाऊस वरून थोडाच पडतो? नैऋत्येचा वारा लागला की तो आडवा येतो. डोक्यावर कितीही घट्ट मिटलेलं छप्पर असलं तरी खुर्च्या भिजणार, भिंत भिजणार. पावसाळ्यात बसायची जागा पडवी आहे आणि ती तुमच्याकडे आहे. म्हणून या छपराला पावसाळी छप्पर समजूच नका. ते ऑक्टोबर ते मेमधलं, सावलीचं छप्पर आहे. वळवाची सर आली तर तेवढ्यापुरतं मिटून घ्यायचं, इतकंच त्याच्याकडून मागा. एवढं मनाशी पक्कं केलं की ते पाहिजे तेवढं मोठं नसलं तरी चालतं, हे आपोआप लक्षात येतं.

खाऱ्या वाऱ्याचं विचारलंत. इथे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका होमस्टेला मी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा आडोसा करून दिला. पट्ट्या उत्तम घेतल्या, रंग उत्तम घेतला, आणि जोडायला साधे झिंक चढवलेले लोखंडी स्क्रू वापरले. तिसऱ्या वर्षी मालकांनी बोलावलं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी, रंगाला फोड आणि अर्ध्या पट्ट्या जागेवर जाम. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यामध्ये खारं पाणी आलं की विजेच्या सेलसारखा प्रकार होतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पुस्तकात वाचलेलं होतं. काम स्वस्तात बसवण्याच्या नादात विसरलो. सगळं उतरवून पुन्हा माझ्या खर्चाने करून दिलं.

तेव्हापासून मी समुद्राजवळ एकच गोष्ट मागतो. प्रत्येक स्क्रू, बोल्ट, खुंट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा, आणि स्टेनलेस जिथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतं तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा बुश. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा खूप चांगलं टिकतं. फॅब्रिकेटर ‘एसएसच आहे’, म्हणजे स्टेनलेस स्टीलच आहे, म्हणेल. एसएस म्हणजे बहुतेक वेळा ३०४, आणि लोहचुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा. पावडर कोटिंगच्या बाबतीत एवढंच विचारा की कोटिंगच्या आधी समुद्रकाठासाठीची पूर्वप्रक्रिया केली आहे का, आणि पट्ट्या कापून, भोकं पाडून मग कोटिंग केलंय की कोटिंग झाल्यावर कापल्या आहेत. खारेपणा कापलेल्या कडेतून आणि भोकातूनच रंगाखाली शिरतो आणि किड्यासारखा नागमोडी पुढे सरकत जातो. साइटवर येऊन करवतीने पट्टी कापणारा माणूस दिसला तर तिथेच थांबवा.

मीठ सगळ्यात जास्त कधी बसतं माहीत आहे? पावसाळ्यात नाही. पाऊस तर सगळं धुऊन काढतो. पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत, एखादी सर सोडली तर पाऊस नाही आणि वारा रोज दुपारी समुद्रावरून येतोय, तेव्हा मिठाचा थर चढत जातो. आणि पट्ट्यांची जी बाजू खाली आहे तिला तर पावसाळ्यातही पाणी लागत नाही. म्हणून पट्ट्या आधी खालून खराब होतात. उपाय एकदम साधा आहे: कोरड्या दिवसांत महिन्यातून दोनदा विहिरीच्या गोड्या पाण्याने पाइप लावून खालून-वरून धुवायच्या, जमिनीवर उभं राहून. विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर मात्र नळाचं घ्या. दहा बाय बाराच्या तुकड्याला वीस मिनिटं पुरतात.

वाऱ्याबद्दल मुलाशी नीट बोला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे ताशी १०० ते ११० किलोमीटरचे होते आणि झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या पोफळीच्या आणि माडांच्या बागा कशा झोपल्या ते तुम्ही बघितलं असेल. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. ताशी १२० किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला ७० किलोच्या जवळपास येतो. अख्ख्या खळ्यावरच्या मिटलेल्या छपराला तो लागला तर पावणेचार टनांच्या आसपास ओढ झाली. आकार आणि उतार पाहून हा आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज यावा म्हणून सांगतोय. दहा बाय बाराच्या तुकड्याला तोच आकडा साडेसातशे किलोंवर येतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे साडेपाचशे किलोंचा असतो. चार खांबांना असे चार ठोकळे जमिनीत भरले की मला रात्री झोप लागेल. नुसत्या फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर बोल्ट मारून खांब उभे करतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि घराच्या चिऱ्याच्या भिंतीत किंवा जुन्या वाशांत छपराची चौकट अडकवू देऊ नका. जांभा मऊ असतो, वाऱ्याने हिसडे दिले की फास्टनर भोक मोठं करत बाहेर येतो. चौकट आपल्या चार पायांवर स्वतंत्र उभी राहिली पाहिजे, घरापासून चार बोटं सुटी.

वादळात पट्ट्या मिटायच्या की उभ्या करायच्या? बऱ्याच पद्धतींत उभ्या करून वारा पार जाऊ देतात, काहींत मिटून कुलूपबंद करतात. कंपनीकडून लिहून घ्या: किती वेगाच्या वाऱ्याला, कोणत्या स्थितीत. आणि तुमच्याकडे वादळाआधीच लाईट जाते. मोटर ठप्प झाली तर पट्ट्या हाताने फिरवायचा हँडल असलाच पाहिजे. माझ्या मते इतक्या छोट्या तुकड्याला मोटर नकोच, नुसता हँडलवाला प्रकार घ्या. कमी बिघडतो, आणि बिघडला तर दुरुस्तीला पुण्याच्या माणसाची वाट बघावी लागत नाही. मुलाला रिमोटचंच अप्रूप असेल तर मोटर धूळ-पाणी आत न जाऊ देणाऱ्या आयपी ६५ किंवा त्याहून वरच्या दर्जाची, आणि तरीही हँडल सोबत. नातवंडांना दोन्ही फिरवायला आवडेल.

उत्तरेचं टोक का सुचवलं ते आता लक्षात आलं असेल. दक्षिणेला माड आहेत. दीड किलोचा नारळ पन्नास फुटांवरून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आला तर पट्टी वाकते, आणि एक वाकली की शेजारच्या दोन फिरायच्या थांबतात. वानर उड्या मारणारच, त्याला इलाज नाही, पण नारळाला आहे. त्या टोकाला पट्ट्या दक्षिणोत्तर बसवा, म्हणजे दुपारनंतर पश्चिमेकडे पाठ करून कलवता येतील. तरी संध्याकाळी साडेचारनंतरचं ऊन छपराच्या खालून येतं, त्याला कुठलंच छप्पर पुरत नाही. त्या बाजूला बांबूच्या काड्यांचा पडदा, चीक, सोडा.

परवानगीचं थोडक्यात. पाच मिनिटांवर समुद्र म्हणजे तुम्ही बहुधा सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, पट्ट्यात आहात. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागतात, आणि विरळ वस्तीच्या गावांत त्यातले पहिले २०० मीटर बांधकामाला मनाईचे असतात. काँक्रीटचा पाया आला की ते नुसतं सुटं सामान राहत नाही. ग्रामपंचायतीत आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता उरलेल्या खळ्याचं आणि यंदाच्या मेचं. पाचशेच्या आसपास चौरस फूट उन्हात राहिलं, मांडव नाही, मग दुपारी करायचं काय? मी तीन घरांत केलेला एक प्रकार सांगतो. खळ्याच्या कडेला, मध्ये एकही नाही, असे जाड गॅल्वनाइज्ड पाइपचे खांब रोवायचे. त्यांच्यावरून ३१६ स्टेनलेसच्या तारा ताणायच्या आणि त्यांत कड्या ओवून ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट टांगायची, सहा-सहा फुटांच्या पट्ट्यांत. प्रत्येक पट्टीला दोरी, दोरी खांबावरच्या कप्पीतून खाली. पडदा ओढावा तशी जाळी ओढायची. सकाळी सगळी एका बाजूला सारली की खळं पूर्ण उन्हात, सोलं मोकळी. चार वाजता माणसं बसायच्या वेळेला पुढे ओढली की सावली. तारेचं टोक खांबाच्या माथ्यावरून खाली आणून छातीच्या उंचीला टर्नबकलने, म्हणजे तार ताणायच्या-सैल करायच्या स्क्रूने, अडकवायचं. मिरगाच्या आधी ते सैल केलं की तार आणि जाळी दोन्ही हाताशी येतात, घडी घालून माळ्यावर. शिडी कुठेच नाही. हे काम गुहागर-चिपळूणचा कुठलाही चांगला फॅब्रिकेटर मेच्या आधी करून देईल, आणि मुलाने आणलेल्या कोटेशनपुढे याचा खर्च अगदीच थोडा आहे. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला खळ्यात सावली मुलानेच घातलेली असेल. झिलमिलीचा तुकडा दिवाळीनंतर येऊ दे.

झापांच्या मांडवाखालचा गारवा जाळीला येत नाही, हे मात्र मी लपवत नाही. तो वासही येत नाही. तुळशीच्या लग्नाला पोफळीचे चार वासे रोवून वृंदावनावर छोटासा मांडव जरूर घाला. तो जमिनीवर उभं राहून बांधता येतो.

तुमचे यजमान काही बोलत नाहीत, हे वाक्य मी पत्रात दोनदा वाचलं. खळं चोपणं, मांडव घालणं, सुंभाच्या गाठी मारणं हे इतकी वर्षं त्यांचं काम होतं. पडल्यामुळे ते गेलं, आणि आता त्याच्या जागी रिमोट येतोय. गप्प बसणारच माणूस. म्हणून या सगळ्यात खांब कुठे रोवायचे हे त्यांनी ठरवावं. वारा कुठून फिरतो, पागोळ्यांचं पाणी कुठे साचतं, पालखी कुठून आत येते आणि कुठे वळते, हे त्यांच्याइतकं ना मला माहीत ना कोटेशनवाल्याला. दोरी-कप्पीच्या गाठीही त्यांनाच मारू द्या. जाळी ओढायची, पट्ट्या धुवायच्या, हे पुढे त्यांच्याकडेच राहील.

मुलगा पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा बापलेकांना एक काम सांगा. खळ्यात तुम्ही दुपारी जिथे बसता तिथे खुर्ची ठेवा, उत्तरेच्या टोकाला चार काठ्या दहा बाय बारावर उभ्या करा, वरून एक जुनी चादर ताणा. मग सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता चादरीची सावली जमिनीवर जिथे पडेल तिथे चुन्याने रेघ ओढा. तीनची रेघ खुर्चीच्या पुढे गेली की मागे पडली, ते मला कळवा. मागे पडली असेल तर तुकडा दोन फूट पश्चिमेला सरकवावा लागेल, आणि मग वळचणीची पन्हळही वेगळ्या मापाची करावी लागेल.